झूम ब्लर: विषय जागेवर, पार्श्वभूमी धावती

सायकल झाडीसमोर उभी केली की तिचे स्पोक आणि मागच्या काटक्या एकमेकांत गुंततात. डोळ्यांना खोली कळते, त्यामुळे दोन्ही वेगळं दिसतं. फोटोत मात्र सगळं एकाच पातळीवर येऊन बसतं. नेहमीचा उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) उघडून पार्श्वभूमी धूसर करणं. पण झाडी जेमतेम दीड मीटर मागे असेल आणि कॅमेऱ्याला १८-५५ मिमीची साधी झूम लेन्स असेल, तर ५५ ला ती एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि पानं पानांसारखीच दिसत राहतात. अशा वेळी झूम ब्लर कामाला येतो. शटर उघडं असताना झूम रिंग फिरवायची, की पार्श्वभूमीच्या रेघा मध्यापासून बाहेर धावतात आणि नजर मधल्या विषयावर येते. हाच परिणाम नंतर कॉम्प्युटरवरही मिळवता येतो.

दोन्ही वाटा नीट जमेपर्यंत चार दिवस गेले: दोन कॅमेऱ्यावर, दोन कॉम्प्युटरवर. त्या चार दिवसांचा हिशोब क्रमाने मांडतो आहे.

पहिला दिवस, सकाळ, सावलीतली सायकल.

सुरुवातीची सेटिंग्ज: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, एफ/१६, शटर १/१५ सेकंद. मोकळ्या सावलीत एवढ्यावर एक्स्पोजर (फोटोत पडणारा एकूण प्रकाश) बरोबर बसतं. रिंग १८ पासून ५५ पर्यंत एका झटक्यात फिरवली आणि पहिल्या वीस फ्रेम वाया गेल्या. त्यातल्या निम्म्यांत काहीच झालेलं नव्हतं, कारण १/१५ सेकंद म्हणजे बोटाने रिंग हलवायला सुरुवात करेपर्यंत शटर बंद. उरलेल्यांत सायकलसकट सगळं फरफटलेलं.

असं का होतं ते आकड्यांनी पटकन समजतं. फोकल लेंग्थ (झूम रिंगवरचा १८, ५५ असा आकडा) जितक्या पट वाढते, तितक्याच पट प्रत्येक बिंदू मध्यापासून लांब सरकतो. १८ वरून ५५ म्हणजे सुमारे तिप्पट. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोत मध्यापासून १००० पिक्सेलवर असलेलं पान ३०५५ वर जाऊन पडतं, म्हणजे थेट फ्रेमच्या बाहेर. मध्यापासून १०० पिक्सेलवरची गोष्टसुद्धा दोनशे पिक्सेल ओढली जाते. हेच २४ ते ३५ एवढंच फिरवलं तर पट होते १.४६, १००० वरचं पान १४६० ला थांबतं आणि १०० वरची घंटी फक्त ४६ पिक्सेल हलते. म्हणून रिंगवर २४ आणि ३५ च्या खुणांपाशी कागदी टेपचे दोन छोटे तुकडे लावले. न बघता बोटाला कळतं की कुठून कुठपर्यंत जायचं. पूर्ण झूम वापरायचा मोह प्रत्येकाला होतो, पण विषय वेगळा दाखवायचा असेल तर थोडंच फिरवणं बरं.

दुसरी दुरुस्ती वेळेची. हाताला सावकाश फिरवता यावं म्हणून शटर १ सेकंद हवं. सावलीतही त्यासाठी प्रकाश कापावा लागतो. सहा स्टॉपचा एनडी ६४ फिल्टर (प्रकाश कापणारी गडद काच; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) लावला आणि एफ/८ ठेवलं, की १ सेकंद मिळतो. तीन स्टॉपचा एनडी ८ असेल तर एफ/१६ ला अर्धा सेकंद. तोही चालतो, फक्त हात जरा लवकर फिरवावा लागतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला १/१०० च्या आसपास शटर येतं, त्यामुळे एनडी ६४ लावूनही अर्ध्या सेकंदाच्या थोडं पुढेच जाता येतं. फिल्टर लावण्याआधी फोकस करून घ्यावा आणि लगेच लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकावी. एनडी ६४ मागून ऑटोफोकस चाचपडतो. फिल्टर बसवताना फोकस रिंग हलली नाही ना, तेही बघावं.

फोकस कुठल्या फोकल लेंग्थला करायचा, हा छोटा वाटणारा पण महत्त्वाचा प्रश्न. स्टिल कॅमेऱ्याच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही थोडा सरकतो. त्यामुळे ज्या टोकाला विषय स्पष्ट हवा आहे, त्याच टोकाला रिंग ठेवून फोकस करायचा. फोकस २४ ला आणि स्पष्ट प्रतिमा ३५ ला, अशी अदलाबदल झाली की फ्रेम मऊ येते आणि दोष हाताला दिला जातो.

ट्रायपॉड हवाच. तोही घट्ट कसलेला, कारण रिंग फिरवणारा हात कॅमेरा खाली किंवा बाजूला ढकलतो. तसं झालं की रेघा सरळ येत नाहीत, टोकाला वाकतात. रिंग वरून चिमटीत धरण्यापेक्षा खालून तळव्यात घेऊन फिरवली तर हा धक्का बराच कमी होतो. ट्रायपॉडवर इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवलं. २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावला, म्हणजे शटरचं बटण दाबायला दुसरा हात लागत नाही.

आता विषय स्पष्ट कसा ठेवायचा? सगळीकडे सांगितली जाणारी युक्ती अशी: एक्स्पोजरचा काही भाग रिंग स्थिर ठेवायची आणि उरलेल्या वेळात फिरवायची. आधी दोन तृतीयांश वेळ थांबून पाहिलं. सायकल छान स्पष्ट आली, पण झाडीही तितकीच स्पष्ट! रेघा होत्या, पण पुसट, जणू काचेवर ओरखडे. उलट अजिबात न थांबता फिरवलं तर मधली घंटी सोडून सगळं ओढलं गेलं. एक तृतीयांश थांबून बाकीचा वेळ एकसारखं फिरवल्यावर बरा तोल साधला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅमेऱ्याला विषय कळत नाही, त्याला फक्त मध्यापासूनचं अंतर कळतं. रिंग थांबलेली असते तेव्हा सायकल जितकी नोंदली जाते तितकीच झाडीही नोंदली जाते. म्हणजे नुसत्या थांबण्याने विषय पार्श्वभूमीपासून सुटा होत नाही. मधला भाग कडांपासून सुटा होतो. विषय लहान आणि मध्याजवळ असेल तर दोन्ही एकच ठरतं. सायकलसारखा आडवा पसरलेला विषय असेल तर घंटी आणि हँडल राहतात, चाकं जातात. म्हणून मागे सरकून सायकल फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांशात बसवली. त्यानंतर आलेली फ्रेम पहिल्यांदा ठेवण्यासारखी वाटली.

कुठल्या टोकाला थांबायचं यावर दुपार गेली, पण ती सत्कारणी लागली. वाइड (लहान आकड्याच्या) टोकाला थांबून मग झूम इन केलं, तर विषय मोठा होत जातो. त्याच्या मूळ आकाराच्या आत शेवटपर्यंत त्याचाच प्रकाश पडतो, पार्श्वभूमीचा नाही. त्याचा घोस्ट (पुसट, ओढलेली प्रतिमा) मात्र बाहेर, पार्श्वभूमीवर पसरतो. टेली (मोठ्या आकड्याच्या) टोकाला थांबून झूम आउट केलं तर उलटं. विषय आक्रसतो, त्याचा घोस्ट त्याच्याच आत राहतो, पण काठावर मोकळ्या झालेल्या पट्टीत मागचा प्रकाश घुसतो. काळी सायकल उजळ पानांसमोर असताना टेलीला थांबलो तर टायरच्या कडेवर हिरवट धुकं चढलं. वाइडला थांबल्यावर ते गेलं, कारण काळ्या टायरचा घोस्ट पानांवर पसरला तरी त्यात दिसण्याजोगा प्रकाशच नसतो. थोडक्यात, गडद विषय आणि उजळ पार्श्वभूमी असेल तर स्पष्ट प्रतिमा वाइड टोकाला घ्यायची. उजळ विषय आणि गडद पार्श्वभूमी असेल तर टेली टोकाला.

दिवसाचा शेवटचा धडा एका कठड्याने दिला. झाडीमागे आडवा लोखंडी कठडा होता आणि प्रत्येक फ्रेममध्ये तो रेखीव येत होता. पानं विरघळली, कठडा जसाच्या तसा. कारण साधं आहे. झूम ब्लरमध्ये प्रत्येक बिंदू मध्यातून निघणाऱ्या रेषेवरच सरकतो. मध्यातून जाणारी कुठलीही रेघ स्वतःवरच सरकते, म्हणून पुसली जात नाही. क्षितिज, रस्त्याची कड, भिंतीवरची आडवी पट्टी, सगळ्यांना हे लागू. कॅमेरा वीस सेंटीमीटर खाली घेतला, कठडा मध्याच्या वर गेला आणि पसरून मऊ झाला. उलट, मध्याच्या डावी-उजवीकडचे उभे खांब या तंत्रात अगदी सहज विरतात. पार्श्वभूमी निवडताना पानं, दिवे, उभ्या रेघा, पुस्तकांच्या कडा असं तुकड्यातुकड्यांचं काही शोधावं. कोऱ्या भिंतीवर किंवा मोकळ्या आकाशावर रेघा काढायला काही नसतंच.

दुसरा दिवस, सूर्यास्तानंतर, फ्लॅश.

कॅमेऱ्यातच विषय खरोखर सुटा करायचा असेल तर फ्लॅश हवा, कारण फ्लॅशचा प्रकाश जवळच्या विषयावर जोरात पडतो आणि मागे पोचेपर्यंत ओसरतो. माणूस २ मीटरवर आणि दिवे-झाडं ८ मीटरवर असतील, तर मागे पोचणारा प्रकाश सोळावा हिस्सा, म्हणजे चार स्टॉप कमी. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळाची असते, त्यामुळे माणूस गोठतो. पार्श्वभूमी मात्र उपलब्ध प्रकाशात सावकाश ओढली जाते. थांबायची गरजच उरत नाही.

सेटिंग्ज अशी स्थिरावली: आयएसओ २००, एफ/८, अर्धा सेकंद, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पॉवर, रिअर कर्टन सिंक. उपलब्ध प्रकाशाचं एक्स्पोजर कॅमेऱ्याच्या मीटरने सांगितल्यापेक्षा एक ते दीड स्टॉप खाली. ते बरोबरीला ठेवलं तर माणूसही उपलब्ध प्रकाशात नोंदला जातो आणि फ्लॅशच्या स्पष्ट चेहऱ्यावर दुसरा ओढलेला चेहरा बसतो. माणसावर दुसरा कुठला दिवा पडत नाही ना, हे आधी पाहून त्याला अंधाऱ्या जागी उभं करावं.

रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शटर बंद होण्याच्या आधी उडतो, म्हणजे स्पष्ट प्रतिमा झूमच्या शेवटच्या टोकाला येते. इथे कालचा हिशोब उपयोगी पडला. वाइडकडून टेलीकडे फिरवलं तेव्हा मागच्या दिव्यांच्या रेघा शर्टावरून गेल्या, कारण माणूस आधी लहान होता आणि त्याच्या शेवटच्या आकाराच्या काठावर आधीच प्रकाश पडून गेला होता. टेलीकडून वाइडकडे फिरवल्यावर शर्ट स्वच्छ राहिला आणि रेघा खांद्यापाशी थांबल्या. फ्रंट कर्टन (शटर उघडताच उडणारा फ्लॅश) वापरत असाल तर दिशा उलटी करा. स्पष्ट प्रतिमा वाइडलाच आली पाहिजे. फोकसही अर्थातच त्याच टोकाला.

फ्लॅश ऑटोवर ठेवला होता तेव्हा एक अडचण वारंवार आली. शटर उघडण्याआधी मोजमापासाठी एक बारीक चमक उडते. समोरच्याला वाटतं फोटो झाला, तो हलतो, आणि मुख्य चमक अर्ध्या सेकंदाने येते तेव्हा त्याची मान वळलेली असते. मॅन्युअल पॉवरवर ती आधीची चमक नसते. तरीही समोरच्याला सांगून ठेवावं, "मी बस म्हणेपर्यंत हलू नका." संध्याकाळचा योग्य उजेड अर्धा तासच टिकतो, म्हणून सगळी सेटिंग्ज आधी लावून ठेवली होती. तरी शेवटच्या पाच-सहा मिनिटांत शटर १ सेकंदावर न्यावं लागलं.

एक मर्यादा मात्र फ्लॅशनेही सुटत नाही. रेघांचं केंद्र कॅमेऱ्यात कायम फ्रेमच्या मध्यावर असतं. विषय कडेला हवा असेल तर मोकळं फ्रेम करून नंतर कापायचं. ६००० बाय ४००० च्या फोटोत डावीकडचे १५०० पिक्सेल कापून ४५०० बाय ३००० ठेवलं, की मधला माणूस बरोबर डाव्या एक तृतीयांशावर येतो. २४ मेगापिक्सेलचे साडेतेरा उरतात, तेही पुष्कळ.

तिसरा आणि चौथा दिवस, कॉम्प्युटर.

आधीच काढलेला फोटो असेल किंवा विषय कडेला असेल, तर हीच वाट. इथे सॉफ्टवेअरला विषय सांगता येतो आणि रेघांचं केंद्र हवं तिथे नेता येतं. फोटो निवडला तो डावीकडे उभ्या माणसाचा, मागे गच्च झाडी. फोटोशॉपमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) १६ बिटमध्ये उघडली आणि लेअरच्या (फोटोच्या थराच्या) दोन प्रती केल्या: वरची विषयासाठी, खालची ब्लरसाठी. मूळ लेअर न हलवता तळाशी.

वरच्या प्रतीवर सिलेक्ट सब्जेक्ट, मग सिलेक्ट अँड मास्कमध्ये जाऊन केसांच्या कडा सुधारल्या. या मास्कवर (लेअरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या आकारावर) अर्धा दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. कान आणि केसांमधली फट, कोपर आणि कंबरेमधला त्रिकोण, बोटांमधल्या जागा तपासल्या. त्या त्रिकोणात जुनी स्पष्ट पानं राहिली की सगळा परिणाम तिथेच फसतो. १०० टक्के झूमवर मास्कची कड पूर्ण फिरून पाहिली.

पहिल्या प्रयत्नात खालच्या प्रतीला थेट ब्लर दिला. फिल्टर, ब्लर, रेडियल ब्लर. पद्धत झूम, अमाउंट २५. माणसाभोवती त्याच्याच पांढऱ्या शर्टाची आभा उमटली, कारण खालच्या लेअरमध्येही माणूस होताच आणि तोही बाहेर ओढला गेला. उपाय म्हणजे ब्लर देण्याआधी खालच्या प्रतीतून माणूस काढून टाकायचा. मास्कवरून सिलेक्शन घेतलं, ते १५ पिक्सेल वाढवलं आणि कंटेंट-अवेअर फिलने तिथे झाडी भरली. भरलेला भाग ओबडधोबड दिसला तरी चालतो. पुढे तो ओढला जाणारच आहे आणि बराचसा माणसाच्या मागे झाकला जाणार आहे. ही पायरी स्मार्ट ऑब्जेक्ट करण्याच्या आधी उरकायची. मग लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट केला, म्हणजे फिल्टरचे आकडे नंतर बदलता येतात.

रेडियल ब्लरची खिडकी जुन्या धाटणीची आहे. फोटोवर पूर्वदर्शन नाही, फक्त एक छोटा चौकोन, ज्यात केंद्र माउसने सरकवायचं. चेहरा फोटोच्या रुंदीच्या कितव्या भागावर आहे ते आधी रुलरने मोजून घेतलं: डावीकडून ३२ टक्के, वरून २८ टक्के. चौकोनात अंदाजाने तिथे केंद्र ठेवलं आणि चार फेऱ्यांत डोळ्यांवर आणलं. चाचणीसाठी क्वालिटी ड्राफ्ट ठेवावी, ती झटपट होते, शेवटी बेस्ट. बेस्टला मोठ्या फाइलवर बराच वेळ थांबावं लागतं. गिंपमध्ये झूम मोशन ब्लर आहे, तिथे केंद्र फोटोवरच टिचकी मारून ठरवता येतं आणि परिणाम लगेच दिसतो. या एका बाबतीत तो सोयीचा आहे.

केंद्र कुठे ठेवावं याचं उत्तर माणसाच्या फोटोत जवळजवळ नेहमी डोळे हेच. छातीवर ठेवलं तर रेघा नजरेला शर्टाच्या बटणाकडे नेतात. अमाउंट १०, २५ आणि ५० करून पाहिलं. १० ला फोटो हललेला वाटला, ५० ला झाडी ओळखू येईना. २५ च्या जरा खाली थांबलो. झाडं झाडंच वाटली पाहिजेत, फक्त धावती.

तरीही माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसत होता, आणि त्याची कारणं तीन निघाली. पहिलं, पाय. बूट जमिनीवर टेकतात तिथली जमीन माणसाइतक्याच अंतरावर असते, ती अचानक धावती झाली की माणूस तरंगतो. ब्लरच्या मास्कवर बुटांभोवती मऊ ब्रशने, ३० टक्के ओपॅसिटीवर, हळूहळू स्पष्टपणा परत आणला, सावलीसकट. दुसरं, कडा. कॅमेऱ्यातल्या झूम ब्लरमध्ये विषयाची बाहेरची कड थोडी ओढली जातेच. म्हणून न भरलेल्या मूळ प्रतीला अमाउंट ८ चा ब्लर दिला, तो लेअर माणसाच्या खाली ठेवला आणि फक्त खांदा व कोपराच्या बाहेरच्या बाजूला मास्कमधून किंचित दिसू दिला. चेहऱ्यापाशी अजिबात नाही. आधी जी आभा काढून टाकली, तीच थोडी, ठरवून आणि योग्य जागी परत आली की फोटो खरा वाटतो.

तिसरं कारण ग्रेन, म्हणजे नॉइजचे बारीक दाणे. ब्लरने पार्श्वभूमीतला सगळा नॉइज पुसला जातो, माणसावर मात्र तो असतो. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. ब्लरच्या लेअरवर १.५ टक्के मोनोक्रोमॅटिक (एकरंगी) नॉइज घातल्यावर दोन्ही एका फोटोतले वाटू लागले. झाडीच्या वरच्या आकाशात रंगांच्या पायऱ्या पडायला लागल्या होत्या, त्याही याच नॉइजने मोडल्या.

शेवटी कडा. फोटोच्या अगदी काठावर फिल्टरला बाहेरचे पिक्सेल मिळत नाहीत, त्यामुळे तिथे काही रेघा तुटक येतात. चारही बाजूंनी ६० ते ८० पिक्सेल कापले. निर्यात करण्याआधी फोटो ज्या आकारात बघितला जाणार आहे तेवढा लहान करून तपासला: मोठ्या पडद्यावर पुरेसा वाटणारा ब्लर १२०० पिक्सेलला जवळजवळ दिसेनासा झाला. लहान प्रतीसाठी स्मार्ट फिल्टरवर डबल क्लिक करून अमाउंट ३० केलं आणि ती वेगळी साठवली.